लिहिलेलं कोणाला दिसतं, आणि केव्हा?

एएमडीच्या वेगा पिढीतल्या ग्राफिक्स प्रोसेसरचं आज्ञासंचाचं मॅन्युअल कुणालाही फुकट उतरवून घेता येतं. त्यात शेकडो आज्ञांची वर्णनं आहेत आणि बहुतेक वर्णनं दोन-तीन ओळींत संपतात. वर्कग्रुपच्या, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या थ्रेडच्या गटाच्या, सामायिक मेमरीवर चालणाऱ्या 'तुलना करून लिहा' या आज्ञेखाली मात्र एक जादा ओळ आहे. तुलनेचं मूल्य आणि लिहायचं मूल्य यांचा क्रम इथे मुख्य मेमरीवरच्या कम्पेअर-स्वॅप आज्ञेच्या उलटा आहे, सांभाळा, असं ती बजावते. पुढे आरडीएनए-३ पिढीच्या मॅन्युअलमध्ये त्याच जागी वेगळा खुलासा येतो: या रचनेत दोन्ही आज्ञांचा क्रम जुळतो. कंपायलर लिहिणाऱ्याच्या नजरेतून ही ओळ सुटली तर काय होईल, ते पाहण्यासारखं आहे. समजा, शेकडो थ्रेड एकाच कुलपासाठी धडपडताहेत. कुलपाच्या जागी शून्य असेल तर ते मोकळं. ज्याला शून्य सापडेल त्याने तिथे एक लिहायचा आणि आत जायचं. दोन मूल्यांची अदलाबदल झाली की हार्डवेअर शून्याऐवजी एकाशी तुलना करतं. जागेवर शून्य असल्याने तुलना जुळत नाही, काहीच लिहिलं जात नाही, आणि 'आधी इथे शून्य होतं' असं उत्तर परत येतं. थ्रेडच्या लेखी शून्य परत येणं म्हणजे कुलूप मिळणं. पुढच्या थ्रेडलाही तेच उत्तर मिळतं, त्याच्या पुढच्यालाही. सगळे एकदम आत. प्रोग्राम कोसळत नाही, त्रुटीचा संदेशही येत नाही; फक्त बेरजा चुकतात, आणि त्याही दर वेळी वेगवेगळ्या.

एका ओळीवर किती अवलंबून असतं हे यातून दिसतंच. पण ही चूक निदान मॅन्युअल वाचून टाळता येते, आणि मॅन्युअल नसेल तर प्रयोग करून पकडता येते, कारण एकाच थ्रेडवर चाचणी घेतली तरी ती हटकून दिसते. मेमरीच्या आज्ञांबाबत याहून मोलाची माहिती वेगळीच आहे: एका थ्रेडने लिहिलेलं दुसऱ्या कोणत्या थ्रेडला दिसेल, आणि काय घडून गेल्यावर ते नक्की दिसेल. ही माहिती प्रयोगातून हाती येत नाही. हार्डवेअर बनवणाऱ्याने ती वचन म्हणून लिहून द्यावी लागते. ग्राफिक्स प्रोसेसरची मॅन्युअलं 'आज्ञा काय करते' हे बऱ्यापैकी चोख सांगत आली आहेत. वचनाचा भाग मात्र त्यांनी फार काळ मोघम ठेवला, आणि तो मोघमपणा निस्तरण्याचं काम कंपायलर आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या गळ्यात पडलं.

हे असं का झालं, याचं उत्तर शेडरच्या इतिहासात आहे. शेडर म्हणजे चित्रातल्या प्रत्येक बिंदूसाठी किंवा आकृतीच्या प्रत्येक शिरोबिंदूसाठी ग्राफिक्स प्रोसेसरवर चालणारा छोटा प्रोग्राम. एकेकाळी त्याला मेमरीशी फारसं देणंघेणं नव्हतं. तो टेक्स्चर वाची, हिशेब करी आणि एक रंग पुढे सोपवी. तो रंग पडद्याच्या मेमरीत मिसळण्याचं काम शेडरबाहेरचं ठरावीक हार्डवेअर करी, आणि त्रिकोण ज्या क्रमाने पाठवले त्याच क्रमाने करी. लाखो शेडर कोणत्याही क्रमाने चालोत, प्रोग्रामरला त्याचं सुखदुःख नसे. २००९ साली डायरेक्टथ्रीडी ११ बरोबर शेडर मॉडेल ५ आलं, २०११ मध्ये ओपनजीएल ४.२ आलं, आणि शेडरला हव्या त्या पत्त्यावर लिहिण्याची व अ‍ॅटॉमिक क्रिया करण्याची मुभा मिळाली. मुभा आली तशी क्रमाची हमी गेली. भाषांनी 'कोहेरंट' असा शिक्का आणि 'मेमरी बॅरिअर' नावाचं फंक्शन दिलं. त्यांचा नेमका अर्थ मात्र बरीच वर्षं परिच्छेदभर गद्यावरच निभावला.

आधी चोख भागाबद्दल, कारण त्याचं श्रेय द्यायला हवं. अ‍ॅटॉमिक आज्ञा म्हणजे वाचणं, बदलणं आणि परत लिहिणं या तीन पायऱ्या मध्ये कुणालाही शिरू न देता पार पाडणारी आज्ञा. बेरीज, वजाबाकी, किमान, कमाल, तार्किक क्रिया, अदलाबदल अशा प्रत्येक प्रकारासाठी मॅन्युअल तीन-चार ओळींचा छद्म-कोड देतं आणि तो सहसा निःसंदिग्ध असतो. 'इन्क्रिमेंट' ही आज्ञाच घ्या. ती नुसता एक वाढवत नाही. जुनं मूल्य दिलेल्या मर्यादेइतकं किंवा त्याहून मोठं असेल तर ती तिथे शून्य लिहिते, नाहीतर एक मिळवते. वर्तुळाकार रांगेतली पुढची जागा काढायला हे सोयीचं, पण साधा मोजणीदार हवा असेल त्याने मर्यादा काय द्यायची याचा विचार केलाच पाहिजे. छद्म-कोडात हे एका नजरेत कळतं. काही कामांना एवढी माहिती पुरतेही. अनरिअल एंजिन ५ मधल्या नॅनाइट या यंत्रणेत ६४ बिटांची अ‍ॅटॉमिक कमाल वापरतात: वरच्या बिटांत त्या बिंदूची खोली, खालच्या बिटांत तिथे कोणता त्रिकोण आहे त्याची ओळख. जवळच्या त्रिकोणाचं मूल्य मोठं ठेवलं की हजारो थ्रेड कोणत्याही क्रमाने येवोत, शेवटी सगळ्यात जवळचाच उरतो. कमाल काढताना क्रमाने फरक पडत नाही, म्हणून इथे क्रियेचं अखंडत्व तेवढं लागतं, क्रमाचं वचन लागत नाही. (अपूर्णांकांच्या अ‍ॅटॉमिक बेरजेचं तसं नाही. प्रत्येक बेरजेत उत्तराचं थोडं राउंडिंग होतं, म्हणून क्रम बदलला की शेवटचे अंक बदलतात, आणि त्यात दोष कुणाचाच नसतो.)

खरी अडचण एका थ्रेडने दुसऱ्याला निरोप द्यायचा असतो तेव्हा सुरू होते. पहिला थ्रेड आधी माहिती लिहितो, मग 'तयार आहे' असं सांगणारी खूण अ‍ॅटॉमिक आज्ञेने लिहितो. दुसरा खूण वाचतो आणि ती दिसली की माहिती वाचतो. छद्म-कोडाच्या हिशेबाने यात चुकण्यासारखं काही नाही. पण पहिल्या आरडीएनए पिढीच्या प्रोसेसरमध्ये मुख्य मेमरीच्या अलीकडे कॅशचे तीन थर आहेत: प्रत्येक कम्प्यूट युनिटचा आपला शून्य-थर, काही युनिट्सच्या गटाचा मिळून पहिला थर, आणि सगळ्यांचा सामायिक दुसरा थर. पेढीवर प्रत्येक कारकुनाची आपली कच्ची वही असावी आणि पक्की खातेवही एकच असावी, तशी ही मांडणी आहे. मुख्य मेमरीवरची अ‍ॅटॉमिक आज्ञा थेट पक्क्या वहीत, म्हणजे दुसऱ्या थरात पार पडते, म्हणून खुणेबद्दल कधी दुमत होत नाही. माहिती मात्र साध्या वाचनाने येते, आणि दुसऱ्या थ्रेडच्या कच्च्या वहीत त्या जागेची जुनी नोंद आधीपासून पडून असेल तर तो तीच वाचतो. खूण नवी, माहिती जुनी. अ‍ॅटॉमिक आज्ञेने आपलं काम अचूक केलेलं असतं आणि तरीही निरोप चुकीचा पोचतो. म्हणजे त्या आज्ञेचा छद्म-कोड शंभर टक्के खरा असूनही तिचं वर्णन अपुरंच राहतं.

हे टाळण्याची साधनं हार्डवेअरमध्ये असतात. आरडीएनएमध्ये शून्य-थर आणि पहिला थर रद्दबातल करणाऱ्या स्वतंत्र आज्ञा आहेत, शिवाय मेमरीच्या आज्ञांमध्ये जीएलसी, एसएलसी, डीएलसी अशी नावं असलेले एकेक बिट आहेत. वाचनाच्या आज्ञेत जीएलसी बिट कॅशशी कसं वागायचं ते सांगतो. अ‍ॅटॉमिक आज्ञेत तोच बिट जुनं मूल्य परत हवं की नको एवढंच सांगतो. एका बिटाला दोन कामं देण्यात गैर काही नाही, जागा वाचते. मात्र बिटाचा असा तक्ता वाचून कंपायलर लिहिणाऱ्याला हे कळत नाही की 'माझा निरोप दुसऱ्या वर्कग्रुपपर्यंत नक्की पोचावा' यासाठी कोणते बिट, कोणत्या आज्ञेवर, कोणत्या क्रमाने लावायचे. भर म्हणजे या प्रोसेसरमध्ये मेमरीची वाट पाहण्याचं कामही सॉफ्टवेअरच्या अंगावर आहे. मागवलेली माहिती आली की नाही हे मोजणारे गणक असतात, आणि अमुक गणक अमुक आकड्यावर येईपर्यंत थांब, अशी आज्ञा कंपायलरने स्वतः घालायची असते. कोणत्या प्रकारच्या वाचनांची उत्तरं मागितल्या क्रमाने येतात आणि कोणती मागेपुढे येऊ शकतात, यावर ते थांबणं कसं असावं हे ठरतं. स्केलर वाचनं, म्हणजे एकत्र चालणाऱ्या सगळ्या थ्रेडसाठी मिळून एकदाच होणारी वाचनं, मागेपुढे येऊ शकतात, म्हणून त्यांच्यासाठी गणक शून्यावर येईपर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नाही. आरडीएनएमध्ये लिहिण्यासाठी वेगळा गणक आला, म्हणजे आधीच्या पिढीसाठी लिहिलेला थांबण्याचा कोड इथे अपुरा पडतो. ही सगळी माहिती मॅन्युअलमध्ये आहे, पण वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेली. ती जोडून एक वचन तयार करायचं काम वाचकावर सोपवलेलं.

ते जोडकाम कुठे सापडतं, हे पाहिलं की मुद्दा आणखी स्पष्ट होतो. एलएलव्हीएम या खुल्या कंपायलर प्रकल्पात एएमडीच्या प्रोसेसरांसाठी जी मार्गदर्शिका आहे, तिच्यात पिढीगणिक लांबलचक तक्ते आहेत. डाव्या बाजूला भाषेच्या पातळीवरची क्रिया, तिचा क्रमविषयक प्रकार आणि तिचा परिघ, म्हणजे एकटा थ्रेड, वेव्ह (एकत्र पावलं टाकणारे थ्रेड), वर्कग्रुप, अख्खा प्रोसेसर की सबंध यंत्रणा. उजव्या बाजूला त्यासाठी कोणत्या आज्ञा कोणत्या क्रमाने द्यायच्या, आणि पुष्कळ ठिकाणी का द्यायच्या, त्याचं कारण. उदाहरणार्थ, आरडीएनएमध्ये दोन कम्प्यूट युनिट्स मिळून एक वर्कग्रुप प्रोसेसर होतो. वर्कग्रुप दोन्हींत विभागून चालवला तर त्यातले थ्रेड दोन वेगळ्या शून्य-थरांमागे असतात, म्हणून वर्कग्रुपपुरता निरोप घेतानाही शून्य-थर रद्द करावा लागतो. तोच वर्कग्रुप एकाच युनिटमध्ये चालवला तर ती आज्ञा लागत नाही. कोडची ओळ तीच, हार्डवेअर तेच, फक्त चालवण्याची पद्धत बदलली आणि बरोबर उत्तरासाठी लागणाऱ्या आज्ञा बदलल्या. माझ्या मते ग्राफिक्स प्रोसेसरच्या मेमरीबद्दल सार्वजनिक झालेलं सर्वात उपयुक्त लेखन म्हणजे हे तक्ते. वाचायला ते रुक्ष आहेत, पण त्यांत वचन आहे.

यावर पहिला आक्षेप असा: वचन कशाला हवं, चाचण्या घ्या. बंद हार्डवेअरची आज्ञासूची लोकांनी अशीच उलगडली. क्वालकॉमच्या अ‍ॅड्रेनोसाठी फ्रीड्रीनो, आर्मच्या मालीसाठी पॅनफ्रॉस्ट, अ‍ॅपलच्या एम१ साठी असाही, एनव्हिडियासाठी नूव्हो, हे खुले ड्रायव्हर आधी उलट-अभियांत्रिकीवरच उभे राहिले. अँड्रॉइड फोन बाळगणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या खिशात यांतल्या पहिल्या दोनपैकी एक प्रोसेसर असतो, तेव्हा हा काही कोपऱ्यातला छंद नाही. या कामाबद्दल मला आदर आहे, आणि नेमक्या याच कामातून चाचणीची हद्दही कळते. आज्ञेचा कोणता बिट काय करतो हे एकेक बिट पालटून पाहता येतं, कारण परिणाम दर वेळी तोच येतो. 'हे कधीच घडणार नाही' हे मात्र कितीही वेळा न घडल्याने सिद्ध होत नाही. २०१५ साली जेड अल्ग्लाव, अ‍ॅलस्टेअर डोनाल्डसन, टायलर सोरेन्सन आदी संशोधकांनी एनव्हिडिया आणि एएमडीच्या प्रोसेसरांवर छोट्या छोट्या चाचण्या प्रचंड संख्येने चालवल्या, आणि यंत्रावर मुद्दाम जादा ताण टाकून चालवल्या. फर्मी आणि केप्लर पिढीच्या प्रोसेसरांवर एकाच जागेची लागोपाठ दोन वाचनं उलट्या क्रमाने मूल्य देताना त्यांना सापडली: आधी नवं, मग जुनं. 'कुडा बाय एग्झाम्पल' या, खुद्द एनव्हिडियाच्याच अभियंत्यांनी लिहिलेल्या पुस्तकातल्या कुलपाच्या कोडमध्ये आवश्यक फेन्स, म्हणजे मेमरीच्या क्रियांचा क्रम राखणाऱ्या आज्ञा, नाहीत हेही त्यांनी दाखवलं, आणि पुस्तकाचं शुद्धिपत्र निघालं. हे पुस्तक २०१० सालचं. मधल्या काळात तो कोड वाचकांच्या यंत्रांवर बहुतेक वेळा नीटच चालला असणार; म्हणूनच तर चूक टिकली. चाचणी वचन खोटं पाडू शकते, पण वचनच नसेल तर ती खोटं तरी काय पाडणार? संशोधकांनाही आधी 'इथे काय अपेक्षित आहे' हे विखुरलेल्या कागदपत्रांतून गोळा करावं लागलं होतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. शेडर लिहिणाऱ्याने हार्डवेअरकडे पाहूच नये, त्याच्यासाठी प्रमाणित प्रतिमान आहे. हे खरं आहे आणि चांगलंही आहे. व्हल्कन या ग्राफिक्स इंटरफेसचं मेमरी मॉडेल २०१८ मध्ये विस्तार म्हणून आलं, जानेवारी २०२० मध्ये व्हल्कन १.२ च्या गाभ्यात गेलं, आणि गद्याबरोबर त्याचं औपचारिक रूपही अ‍ॅलॉय या भाषेत उपलब्ध आहे. खेळ लिहिणाऱ्याने आरडीएनएचे बिट पाठ करावेत असं माझं म्हणणं नाहीच. पण व्हल्कनने दिलेलं वचन पाळतो कोण? ड्रायव्हरमधला कंपायलर. 'वर्कग्रुपच्या परिघात इथून पुढे नवं दिसावं' या वाक्याचं तो यंत्राच्या आज्ञांमध्ये रूपांतर करतो, आणि ते बरोबर की चूक हे ठरवायला खालच्या बाजूचंही वचन हवं. ते नसेल तर दोन वाटा उरतात. एक म्हणजे प्रत्येक ठिकाणी सगळ्या कॅश रद्द करून सगळ्या गणकांची वाट पाहायची. उत्तर बरोबर येतं, वेग जातो, आणि ग्राफिक्स प्रोसेसर घेतला तोच मुळी वेगासाठी. दुसरी म्हणजे अंदाजाने आज्ञा गाळायच्या आणि कुणाची तक्रार येते का ते पाहायचं.

तिसरा आक्षेप: कागदही चुकतो. चुकतोच, आणि याचा उत्तम पुरावा ग्राफिक्सबाहेर आहे. साध्या एक्स८६ प्रोसेसरच्या मेमरी-क्रमाबद्दल इंटेलने २००७ मध्ये एक टिपण प्रसिद्ध केलं, नियम गद्यात आणि सोबत लहान उदाहरणं. केंब्रिजच्या पीटर स्यूएल आणि सहकाऱ्यांनी त्या धर्तीच्या नियमांचं गणिती प्रतिमान बांधलं, तेव्हा लक्षात आलं की नियमांनी मना केलेलं एक वर्तन खऱ्या प्रोसेसरवर दिसू शकतं. त्यातूनच २००९ मध्ये एक्स८६-टीएसओ हे सुधारलेलं प्रतिमान आलं. इथे मला महत्त्वाचं वाटतं ते असं की, चूक सापडली कारण कागदावर ठाम काहीतरी लिहिलं होतं. ठाम विधान तपासता येतं, चुकलं तर दुरुस्त करता येतं. 'कॅशशी सुसंगत वर्तन' असं मोघम लिहिलं की ते कधी चुकत नाही आणि कुणाच्या उपयोगीही पडत नाही.

उरला तो कंपन्यांचा आक्षेप: एकदा लिहून दिलं की हात बांधले जातात, आणि स्पर्धकाला आतली रचना कळते. गुपिताबद्दल फार बोलायला नको. एटीआय ही ग्राफिक्स कंपनी विकत घेतल्यावर वर्षभरात, २००७ मध्ये, एएमडीने ग्राफिक्सची कागदपत्रं खुली करायला सुरुवात केली. २००८ मध्ये इंटेलनेही तेच केलं. दोघीही अजून बाजारात आहेत. हात बांधले जाण्याची भीती मात्र खरी आहे, आणि तिच्यावर दोन प्रामाणिक उत्तरं आधीच अस्तित्वात आहेत. एएमडीचं उत्तर म्हणजे दर पिढीचं वेगळं पुस्तक. सुरुवातीला सांगितलेला मूल्यांचा क्रम त्यांनी पुढच्या एका पिढीत सरळ बदलला आणि बदलला असं लिहिलं; कुणाचं बिघडलं नाही. एनव्हिडियाचं उत्तर निराळं. प्रत्यक्ष यंत्राच्या आज्ञांबद्दल ती नावांच्या यादीपलीकडे फारसं काही सांगत नाही, पण मधल्या पीटीएक्स या आभासी आज्ञासंचासाठी तिने २०१७ मध्ये व्होल्टा पिढीबरोबर मेमरी मॉडेल लिहून दिलं आणि २०१९ मध्ये त्याचं औपचारिक विश्लेषणही प्रसिद्ध झालं. स्पष्टतेच्या बाबतीत ते मॉडेल वाखाणण्यासारखं आहे. त्याची मर्यादा एवढीच की पीटीएक्सपासून यंत्रापर्यंतचा रस्ता कंपनीच्याच कंपायलरमधून जातो. मेसा या खुल्या ग्राफिक्स-ड्रायव्हर प्रकल्पातला एनव्हीके हा खुला व्हल्कन ड्रायव्हर थेट यंत्राच्या आज्ञा तयार करतो. त्या आज्ञांमध्ये किती आवर्तनं थांबायचं आणि कोणत्या खुणेची वाट पाहायची हे कंपायलरनेच भरायचं असतं, आणि त्यासाठी पीटीएक्सचं पुस्तक कामाचं नाही.

मग आज्ञेच्या नोंदीत असावं तरी काय? छद्म-कोड असावाच. त्याशेजारी ती क्रिया कोणत्या थरात पार पडते, ती पूर्ण झाली हे कोणता गणक कळवतो, 'पूर्ण' याचा अर्थ उत्तर परत आलं एवढाच की लिहिलेलं इतरांना दिसू लागलं असाही, आणि आधी-नंतरच्या कोणत्या आज्ञा तिला ओलांडून जाऊ शकतात, हे त्याच पानावर हवं. पत्ता गैरसोयीच्या जागी पडला किंवा बफरच्या बाहेर गेला तर काय होतं, हेही. अलीकडे एएमडीने आपल्या आज्ञासंचाची वर्णनं यंत्राला वाचता येतील अशा एक्सएमएल स्वरूपातही दिली. आज्ञेचे बिट उलगडणारी साधनं बनवणाऱ्यांची त्याने मोठी सोय झाली. पण आज्ञेची घडण आणि तिने दिलेलं वचन यांतलं पहिलंच प्रामुख्याने त्या साच्यात बसतं.

दुसऱ्यासाठी, म्हणजे वचनासाठी, बदल हार्डवेअरच्या बाजूनेच येऊ लागला आहे. २०२५ मध्ये बाजारात आलेल्या आरडीएनए-४ पिढीत जीएलसी, एसएलसी, डीएलसी हे बिट गेले. त्यांच्या जागी मेमरीच्या आज्ञांमध्ये दोन रकाने आले. एकात परिघ: कम्प्यूट युनिट, शेडर एंजिन, अख्खा प्रोसेसर की सबंध यंत्रणा. दुसऱ्यात ती माहिती लवकर पुन्हा लागणार आहे की नाही याचा इशारा. अ‍ॅटॉमिक आज्ञेने जुनं मूल्य परत द्यायचं की नाही, तेही याच रकान्यात. वाट पाहण्याचे गणकही वाचन, लेखन, टेक्स्चर-नमुना, सामायिक मेमरी असे कामानुसार वेगळे झाले. एलएलव्हीएमच्या तक्त्यात डावीकडे जो परिघ असायचा, तो आता जवळपास तसाच आज्ञेत लिहिता येतो. तक्ते मात्र गेलेले नाहीत. परिघ लिहिल्यावर नेमकी कोणती कॅश कधी रद्द होते, आणि त्याआधी कोणता गणक शून्यावर यायला हवा, हे पाहायला या पिढीसाठीही तेच उघडावे लागतात.